नारंगी लघवी आणि दोन चिठ्ठ्या

आमचं मेडिकल सोलापुरात पूर्व भागात आहे. सोलापूरच्या माणसाला एवढं सांगितलं तरी पुरतं. बाकीच्यांसाठी सांगतो, हे यंत्रमागाच्या खटखटीचं, टॉवेल-चादरीचं आणि उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायकांचं सोलापूर. इथं दुकान चालवायचं तर तेलुगू यावं लागतं, येत नसेल तर गिऱ्हाइकं शिकवतात. माझं तेलुगू औषधापुरतं. दग्गु म्हणजे खोकला, जरम म्हणजे ताप, नोप्पि म्हणजे दुखणं. आणि तग्गतलेदु म्हणजे कमी होईना झालंय. मला म्हणतात तम्मी, म्हणजे धाकटा भाऊ.

"दग्गु तग्गतलेदु, तम्मी." हे वाक्य एका अक्कानं मला दीडेक महिना ऐकवलं, दर सात-आठ दिवसांनी, आणि प्रत्येक वेळी मी तिला खोकल्याचं सिरप काढून दिलं. दोनदा कंपनी बदलून दिलं. अक्का किती वर्षांपासून शुगरच्या गोळ्या माझ्याकडूनच नेते, म्हणजे तिला शुगर आहे हे मला तिच्या डॉक्टरइतकंच ठाऊक, आणि तरी सिरप देताना ते साखरेच्या पाकातलं आहे की शुगर-फ्री एवढंसुद्धा मी बघितलं नव्हतं. विड्या वळते, तंबाखूची धूळ नाकात जाते, खोकला असणारच, असा माझा हिशोब. तिचाही तोच. आमच्याकडं विडीकाम करणाऱ्या बाईचा खोकला आजारात धरतच नाहीत, तो कामाबरोबर येतो असं समजतात.

मग ती सिरपला यायची बंद झाली. बरं वाटलं असेल म्हणून मी विसरून गेलो.

मे महिन्यात दुपारी दोनला सोलापुरात कुत्रंसुद्धा रस्त्यावर नसतं, अशा वेळी अक्का डोक्यावर पदर घेऊन आली. दुकानात कुणी नाही ना बघितलं आणि हळूच म्हणाली, "लघवी नारंगी होतीय रे. कावीळ झाली का काय?"

काही गोष्टी डी.फार्मच्या पुस्तकात वाचलेल्या असतात पण पाठ होतात त्या गिऱ्हाइकाच्या घाबरलेल्या तोंडामुळं. मी डोळे बघितले, पिवळे नव्हते. आणि मेडिकलवाल्याला नारंगी लघवी म्हटलं की पहिलं एकच नाव आठवतं, रिफाम्पिसिन. टीबीची गोळी. लघवी, घाम, कधी डोळ्यातलं पाणीसुद्धा नारंगी होतं, घाबरायचं कारण नसतं. मी विचारलं, "टीबीच्या गोळ्या चालू आहेत का?" अक्कानं इकडतिकडं बघितलं आणि नुसती मान हलवली. दोन महिने झालेले. सिव्हिलला जाऊन बेडका तपासून आलेली, गोळ्या महापालिकेच्या दवाखान्यातून फुकट मिळत होत्या. घरात नवरा सोडून कुणाला माहीत नाही. पोरीला बघायला पाहुणे येऊन गेलेले, सोयरीक जुळायच्या बेतात, आणि अशात आईला टीबी आहे हे कळलं तर संपलंच.

आणि तेवढ्यात मला आठवलं की या दोन महिन्यांत अक्काच्या शुगरच्या गोळीचा डोस दोनदा वाढलाय. चिठ्ठी माझ्याकडंच आली होती, मीच गोळ्या काढून दिल्या होत्या. शुगरच्या डॉक्टरांनी तिला भात खातेस म्हणून रागावलंही होतं. ती म्हणत होती मी भात बंद केलाय, आणि कुणी विश्वास ठेवत नव्हतं. मीपण नाही.

होत काय होतं, रिफाम्पिसिन लिव्हरला जादा कामाला लावतं. औषधं मोडून काढणारी जी एन्झाइमं लिव्हरमधे असतात ती त्याच्यामुळं वाढतात, आणि मग ग्लायमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या शुगरच्या गोळ्या गिळल्या तरी रक्तात पूर्वीइतक्या टिकत नाहीत. त्यात टीबीसारखं इन्फेक्शन अंगात असलं की शरीर आपणहून साखर चढवतं. म्हणजे बाईनं भात सोडला काय आणि नाही काय. टीबीच्या दवाखान्याला शुगरची पुरती माहिती नाही, शुगरच्या डॉक्टरला टीबीचा पत्ता नाही, आणि माझ्या दुकानात अक्काचा अर्धाच आजार येत होता.

त्या दिवसापासून मी वाचायला लागलो. दुपारी गिऱ्हाईक नसतं, मोबाईलवर संशोधनाचे पेपर फुकटात उघडतात, इंग्रजी अडलं तर पोरगी सांगते. मला वाटलं होतं की टीबी आणि शुगरचा हा संबंध नवीन शोध असेल. कसला नवीन. १९३४ साली बोस्टनमधे हॉवर्ड रूट नावाच्या डॉक्टरनं दोन्ही आजार असलेल्या पेशंटवर भलामोठा पेपर लिहून ठेवलाय. त्याच्या आधीच्या काळात, इन्सुलिन नव्हतं तेव्हा, शुगरचा पेशंट शेवटी टीबीनं जाणार हे डॉक्टर लोक जवळजवळ धरूनच चालायचे. मग जानेवारी १९२२ मधे टोरंटोत एका पोराला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं आणि पुढं चाळीसच्या दशकात टीबीवर स्ट्रेप्टोमायसिन आलं. दोन्ही आजारांना आपापलं औषध मिळालं, आपापला वॉर्ड, आपापला डॉक्टर, आपापली रांग. माझं आपलं मत असं झालंय की ह्या दोन मोठ्या शोधांच्या आनंदात त्या दोघांचं नातं लोक विसरून गेले, कारण आता एका खोलीत दोघांना बघायची गरजच कुणाला वाटेना. आजार जोडीनं येत राहिले, कागद वेगळे झाले.

परत आठवण यायला २००० साल उजाडून गेलं. २००८ मधे जगभरातले तेरा अभ्यास एकत्र करून दोघा संशोधकांनी दाखवलं की शुगर असलेल्या माणसाला टीबी व्हायची शक्यता साधारण तिप्पट असते. २०११ च्या दुसऱ्या एका आढाव्यात दिसलं की टीबीच्या उपचारादरम्यान मरण्याचा धोकाही शुगरवाल्यांना जवळजवळ दुप्पट. हे मी बायकोला सांगितलं तर ती घाबरलीच, कारण माझ्या सासूबाईंना शुगर आहे. तिला समजवायला लागलं की तिप्पट म्हणजे प्रत्येकाला होणार असं नाही, मुळात लाखात थोड्या लोकांना होतो त्याच्या तिप्पट. पण भारतासारख्या देशात ह्या तिपटीचं वजन वेगळं पडतं. २०२३ मधे छापून आलेल्या आयसीएमआरच्या, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या, मोठ्या पाहणीत देशात शुगरचे १०.१ कोटी पेशंट निघाले. आणि टीबीचे सगळ्यात जास्त पेशंट जगात आपल्याकडंच. दोन पूर आलेल्या नद्या एकाच गावातून वाहतायत म्हणा.

मला सगळ्यात आवडले ते २०१२ चे अभ्यास, कारण त्यात मशीन-बिशीन काही नाही. टीबीचा पेशंट आला की विचारायचं, शुगर आहे का? नाही म्हणाला तर उपाशीपोटी रक्त घ्यायचं. बास. एवढंच. केरळात असे ५५२ टीबी पेशंट तपासले तर ४४ टक्क्यांना शुगर निघाली, आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांना ती आहे हे आधी माहीतच नव्हतं. म्हणजे ते टीबी घेऊन आले आणि शुगर घेऊन घरी गेले. तमिळनाडूत चेन्नईच्या डॉ. विजय विश्वनाथन यांच्या टीमला २५ टक्के सापडले, आणि आणखी तितकेच काठावरचे. त्याच वर्षी देशभरातल्या आठ मोठ्या हॉस्पिटलांत आणि बऱ्याच छोट्या दवाखान्यांत मिळून आठ हजारांवर टीबी पेशंट तपासले, तिथं १३ टक्के. ४४, २५, १३. आधी मला वाटलं कुणीतरी चुकलंय. मग लक्षात आलं की चुकलं कुणीच नाही, केरळात वय जास्त, शुगर जास्त, प्रत्येक ठिकाणचं पाणी वेगळं. शिवाय टीबी नवीन असताना साखर तात्पुरती चढलेली असते, औषधानं इन्फेक्शन उतरलं की काहींची आपोआप खाली येते, म्हणून कोर्स संपल्यावर परत तपासायला पाहिजे. पहिल्या दिवशीचा आकडा बघून माणसाला जन्मभराचा शुगरवाला ठरवायचं नाही. हे मी वाचलं तेव्हा मला आमच्याच गल्लीतला एक मागवाला आठवला, पण ते जाऊ दे.

मग डोक्यात किडा शिरला की आपण पण मोजावं. आमच्याकडं एच-वनचं रजिस्टर असतं, १ मार्च २०१४ पासून टीबीची औषधं विकली की त्यात पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, किती गोळ्या, सगळं लिहायचं आणि तीन वर्षं जपून ठेवायचं. बहुतेक मेडिकलवाले ते ड्रग इन्स्पेक्टरच्या भीतीनं लिहितात, मीपण. आता मी त्याच्या समासात पेन्सिलीनं बारीक 'सा' लिहायला लागलो. सा म्हणजे साखर. एकेटी-फोरचं, म्हणजे टीबीच्या चार औषधांचं, पाकीट न्यायला आलेल्याला सहज विचारायचं, घरात कुणाला शुगर, तुम्हाला आहे का, कधी तपासली. पहिल्याच महिन्यात इतके सा झाले की मी हुरळून गेलो, सोलापूरचे टक्के काढून कुणाला तरी पाठवायचे ठरवले.

नाही पाठवले. कारण तोपर्यंत मी ब्रॅडफर्ड हिलबद्दल वाचलं होतं. हा डॉक्टर नव्हता, आकडेवाला होता. पहिल्या महायुद्धात वैमानिक म्हणून गेला, टीबी झाला, त्यामुळं डॉक्टरकी राहिली आणि आकड्यांकडं वळला. १९४८ साली जो स्ट्रेप्टोमायसिनचा अभ्यास छापून आला त्याची आखणी त्याची. युद्धानंतर ब्रिटनमधे औषध सगळ्यांना पुरेल इतकं नव्हतंच, तर कुणाला द्यायचं हे डॉक्टरच्या मर्जीवर न सोडता बंद पाकिटांत चिठ्ठ्या घातल्या. १०७ पेशंट. ५५ जणांना औषध आणि बेडरेस्ट, ५२ जणांना नुसती बेडरेस्ट. सहा महिन्यांनी पहिल्यात ४ गेले होते, दुसऱ्यात १४. पाकिटं कशाला, तर डॉक्टरचा जीव जिकडं ओढतो तिकडं चांगले पेशंट जातात, त्याला कळतसुद्धा नाही. आणि मला कळलं की माझ्या दुकानात येणारा टीबी पेशंट म्हणजे सोलापूर नव्हे. जो प्रायव्हेटला जातो, जो विकत घेऊ शकतो, जो माझ्याकडं शुगरच्या गोळ्यांना आधीपासून येतो म्हणून टीबीच्याही नेतो, तोच माझ्या वहीत येणार. अक्का स्वतःच त्या वहीत नाही! तिच्या गोळ्या सरकारी. जिच्यामुळं वही सुरू केली तीच बाहेर. ते 'सा' अजून लिहितो मी, पण टक्के काढत नाही.

एक मनात येतं. सोलापूरात डॉक्टर म्हटलं की आधी द्वारकानाथ कोटणीस. भैय्या चौकात त्यांचं स्मारक आहे, १९३८ ला चीनला गेले, १९४२ मधे तिथंच वारले, वय बत्तीस. आम्ही शाळेतून ते बघायला गेलो होतो, अंगावर काटा आला होता, आणि तो यायलाच पाहिजे. पण थुंकीच्या डब्या मोजणाऱ्याचं, दर महिन्याला पेशंटच्या दारात जाऊन रक्त मागणाऱ्याचं स्मारक कुणी करत नाही. त्यात गोष्टच नसते. आणि कधीकधी निकालसुद्धा नसतो. आपल्याकडं एक अभ्यास झाला, मेटफॉर्मिन ही साधी शुगरची गोळी टीबीच्या औषधांबरोबर दिली तर जंतू लवकर जातील का म्हणून. उंदरांवर फार छान दिसलं होतं. माणसांवर केलं, तर बेडका काही लवकर साफ झाला नाही, सूज तेवढी थोडी कमी दिसली. म्हणजे उत्तर आलं, नाही. त्यांनी तेही छापलं. मी विकतो ती गोळी रोज, स्वस्त, दहा जणांत चौघांच्या चिठ्ठीवर असते. उत्तर हो आलं असतं तर किती सोपं होतं, असं मला उगाच वाटत राहिलं.

अक्का बारीक आहे. हाताची हाडं दिसतात. तिला शुगर कशी, हे तिलाही कळत नाही, कारण आमच्याकडं शुगर म्हणजे पोट सुटलेल्या शेठजीचा आजार. याचं उत्तर मला पुण्यात सापडलं, केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांकडं. त्यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या डॉक्टरी मासिकात स्वतःचा आणि युडकिन नावाच्या त्यांच्या इंग्रज मित्राचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर साहेबाची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२. बारीक दिसणारा आतून जाड. पुण्याजवळच्या गावांत १९९३ पासून ते गरोदर बायका आणि त्यांची बाळं बघतायत, आणि म्हणतात आपलं बाळ जन्मतःच असं असतं, वजनाला कमी पण चरबी राखून. अक्काची आई अक्काच्या वेळी काय खात होती हे मी विचारलं नाही. विचारायची गरजही नाही, मिल बंद पडल्या की काय शिजतं हे पूर्व भागात सगळ्यांना माहितीय.

आणि खाण्यावरूनच अक्का मला एकदा भांडली. खरं तर माझ्याशी नाही, पण समोर मी होतो. टीबीवाले म्हणतात खा, वजन वाढव, अंडी खा. शुगरवाले म्हणतात हे खाऊ नको ते खाऊ नको. "एक म्हणतो खा, एक म्हणतो खाऊ नको, मी काय करू, अर्धं तोंड उघडू?" टीबीवाल्यांचं खोटं नाही. झारखंडमधे टीबी पेशंटच्या दहा हजारांवर घरच्यांना धरून अभ्यास झाला, २०२३ ला छापला, ज्या घरांना महिन्याचा शिधा नीट दिला तिथल्या माणसांत नवीन टीबी ३९ टक्क्यांनी कमी. कुठलं औषध नाही, तांदूळ आणि डाळ! सरकारसुद्धा टीबीच्या पेशंटला खाण्यासाठी महिन्याला हजार रुपये देतं, आधी पाचशे होते. शुगरवाल्यांचंही खोटं नाही. मी आपलं तिला सांगितलं की ज्वारीची भाकरी, डाळ, अंडं, शेंगाची चटणी असू दे, भात कमी कर, आणि बाकीचं दोन्ही डॉक्टरांना विचार. शेंगाच्या चटणीला ती हसली. सोलापुरात ते सांगावं लागत नाही.

तसं शुगर आणि जंतूंची ही भानगड आम्ही काउंटरच्या अलीकडून बघतच असतो, फक्त तिला नाव देत नाही. कोजागिरीला तुळजापूरला चालत गेलेली माणसं परत आली की ड्रेसिंगचं सामान संपतं. पंचेचाळीसेक किलोमीटर, बरेचजण अनवाणी, आणि शुगरमुळं ज्यांच्या पायाची संवेदना गेलीय त्यांना फोड आलेला कळतच नाही, चार दिवसांनी वास आल्यावर कळतं. आणि २०२१ चा उन्हाळा. कोरोनातून वाचलेला, स्टेरॉइड घेतलेला, शुगर चढलेला माणूस, आणि नाकाडोळ्यात काळी बुरशी. ॲम्फोटेरिसिन या तिच्यावरच्या औषधासाठी लोक चिठ्ठी घेऊन दुकानादुकानातून फिरत होते, माझ्यासारख्या छोट्या दुकानात ते कुठलं, तरी यायचे. नाही म्हणून सांगताना त्यांच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. त्याच्यावर मी जास्त लिहू शकत नाही.

अक्काला त्या दुपारी मी एवढंच म्हणालो होतो, गोळी मी बदलू शकत नाही, तो माझा अधिकार नाही, तू फक्त दोन्ही चिठ्ठ्या एका पिशवीत ठेव आणि जिथं जाशील तिथं पिशवी पुढं कर, तोंडानं काही सांगू नको. पायाला मुंग्या येतात तेही पिशवीत लिहून ठेवलं, कारण मुंग्या शुगरनंही येतात आणि टीबीच्या आयसोनियाझिडनंही, डॉक्टरला दोन्ही दिसले तर तो ठरवेल. ती नाही म्हणाली. महिनाभर नाहीच म्हणत होती. मग सोयरीक जुळली, सुपारी फुटली, आणि दुसऱ्याच दिवशी पिशवी घेऊन गेली. शुगरच्या डॉक्टरांनी गोळ्या थांबवून इन्सुलिन चालू केलं. इन्सुलिन म्हणजे आता शेवट असं तिच्या डोक्यात बसलेलं, तिच्या सासूचं तसंच झालं होतं म्हणे. टोरंटोची गोष्ट तिला सांगितली मी, चौदा वर्षांचा पोरगा मरायला टेकला होता आणि उठून बसला. तिला काही फार पटली नाही. पण सुई टोचायला शिकली, आणि इन्सुलिन ठेवायला घरात फ्रीज नव्हता म्हणून मी तिला माठाशेजारी गाडग्यात ठेवायचं दाखवलं.

टीबीचा कोर्स संपला तेव्हा तिला बजावून ठेवलं होतं, आता ती नारंगी गोळी बंद झाली की साखर एकदम खाली जाऊ शकते, तेव्हा डॉक्टरांना दाखव, तोच डोस चालू ठेवू नको. ती आली परवा, लग्नाची पत्रिका घेऊन. त्याच पिशवीत, दोन्ही चिठ्ठ्यांच्या मधे. इन्सुलिन कमी झालंय, वजन वाढलंय, बेडका साफ. पत्रिका देऊन झाल्यावर ती घुटमळली आणि म्हणाली, एक खोकल्याचं सिरप दे.

माझ्या पोटात गोळा आला. "तुला?"

"मला कशाला. जाऊला. ती पण विड्या करते ना, खोकतीय."

"किती दिवस झाले?"

"झाले की पंधरा-वीस."

सिरप मी फळीवरून काढलंच नाही. दवाखान्यात थुंकी किती वाजता घेतात ते एका कागदावर लिहून दिलं. आणि विचारलं, "जाऊला शुगर आहे?"

"नाही नाही," अक्का म्हणाली. मग जरा थांबून, "बघितलीय कुणी?"